ऑइल वरच्या खुणेवर

सोमवार, ६ जानेवारी

आजपासून गाडीची चावी माझ्या पर्समध्ये. कागदोपत्री गाडी ह्यांचीच आहे, पण कागद काय चालवायचेत? गेल्या वर्षी ह्यांना झटका आला, उजवा हात-पाय लुळा पडला, तेव्हापासून ती खाली पार्किंगमध्ये धूळ खात उभी होती. मुलगा म्हणाला, विकून टाका. हे म्हणाले, राहू दे. मला कुणी विचारलं नाही, नेहमीसारखंच.

आता मला काम मिळालंय. सकाळी पाच दवाखान्यांतून रक्ताचे नमुने घ्यायचे, बर्फाच्या पेटीत ठेवायचे आणि दहाच्या आत लॅबमध्ये पोचवायचे. लॅबवाल्या मॅडमना स्वतःची गाडी असलेलं आणि वेळ पाळणारं माणूस हवं होतं. हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये मी उभा जन्म काढलाय, वेळ पाळणं मला कुणी शिकवू नये. मुलगा सारखा मागे लागलाय, "दोघंही माझ्याकडे या, तिथे कुणाच्या भरवशावर राहता?" सुनेच्या स्वयंपाकघरात पाहुणी म्हणून राहायचं, कुठला डबा कुठे ते विचारत. नको गं बाई. आता त्याला सांगायला उत्तर आहे. हे काम आहे तोवर मी माझ्या घरात आहे, आणि गाडी चालते तोवर काम आहे.

लायसन्स मी तिशीतच काढलं होतं. हे चालवू देतील तर शपथ. "क्लच जाळशील," हे एकच वाक्य जन्मभर ऐकलं. दुसरी चावी ह्यांच्याच खिशात आहे, काढून घेतली नाही. असू दे, हात चाळवायला.

शुक्रवार, १७ जानेवारी

आज ऑइलवरून महाभारत.

गाडी दोन लाख चाळीस हजार किलोमीटर चाललेली. वर्षभर उभी, त्यामुळे मेकॅनिक म्हणाला, आधी इंजिन ऑइल बदला, जुनं डांबर झालंय. कुठलं घालू? तर तो म्हणतो, काका वीस-पन्नास घालायचे, जाड, तेच घाला. गाडीच्या पुस्तकात मात्र स्वच्छ लिहिलंय, पाच-तीस, म्हणजे पातळ. मी पुस्तक घेऊन ऑइलच्या दुकानात गेले. तिथे भिंतभर बाटल्या. निळ्या, सोनेरी, लाल. एकावर लिहिलेलं, जास्त चाललेल्या गाड्यांसाठी खास. दुसरीवर म्हातारं इंजिन तरुण होईल असं काहीतरी. मी दुकानदाराला म्हटलं, हे माणसांसाठी मिळतं का? तो हसला. म्हणाला, काकू, पातळ घ्या, थंडीत एका चावीत सुरू होईल, पेट्रोलही कमी पिईल.

घरी येऊन सांगितलं, तर हे खुर्चीत बसल्या बसल्या सुरू. सगळी हयात कारखान्यात यंत्रं दुरुस्त करण्यात गेली, त्यामुळे इंजिन म्हटलं की ह्यांच्या अंगात येतं.

"पुस्तक गाडी नवी असताना छापलंय. आता इंजिन आतून झिजलंय, फटी वाढल्यात. पातळ ऑइल त्या फटीतून वर चढतं आणि पेट्रोलबरोबर जळतं. महिन्यात पट्टी कोरडी पडेल."

"कंपनीला कळत नाही आणि तुम्हाला कळतं?"

"कंपनीला नवी गाडी विकायचीय."

"आणि तुम्हाला मला खोटं पाडायचंय."

"तुला त्यातलं काय कळतं?" म्हणाले. झालं. एवढंच ऐकायचं बाकी होतं. बोलताना ओठ अजून वाकडा होतो, पण हे वाक्य कसं स्पष्ट येतं! सुंभ जळाला तरी पीळ जात नाही.

मी पातळच घातलं. खरं सांगायचं तर ह्यांनी पातळ म्हटलं असतं तर मी जाड घेतलं असतं. ही वही माझी आहे, इथे कुणाला घाबरायचं? ह्यांचा जाड ऑइलचा मोठा डबा गॅलरीत आहे, जवळजवळ भरलेला. टाकून देते म्हटलं तर म्हणाले, "असू दे. खायला मागत नाही तो."

बुधवार, २२ जानेवारी

एका चावीत सुरू! पाचही दवाखाने झाले, पावणेदहालाच लॅबमध्ये. मॅडम म्हणाल्या, "काकू, तुमच्यासारखी चार माणसं असती तर!" दिवसभर तेच कानात घुमतंय. ह्यांना सांगितलं. "हं," म्हणाले.

रविवार, २ फेब्रुवारी

मेकॅनिकनं शिकवल्याप्रमाणे आज ऑइलची पट्टी बघितली. इंजिनात ती लांब पट्टी असते, ओढून काढायची, पुसायची, परत घालायची, परत काढायची. तिच्यावर दोन खुणा. वरच्या खुणेपर्यंत ऑइल म्हणजे पूर्ण, खालच्या खुणेखाली गेलं तर इंजिनाचे बारा वाजले.

ऑइल दोन्हींच्या मधोमध होतं. पंधरवड्यात अर्धं खलास!

पुन्हा पुसली, पुन्हा घातली. तेच. जिन्यात येऊन बसले आणि रडले. ऑइलसाठी कुणी रडतं का? पण वर जायचं, आणि ह्यांचं ते तोंड बघायचं, आणि "म्हटलं नव्हतं?" ऐकायचं, ते मला सहन होणार नव्हतं. लिफ्ट दोनदा आली आणि गेली.

वर गेले तेव्हा हे गॅलरीत खुर्चीत बसलेले.

"काय म्हणते पट्टी?"

"वरच्या खुणेवर. केसभर उतरलं नाही."

माझ्या तोंडाकडे बघत राहिले. डोळे लाल झाले होते, म्हटलं, धूळ गेली. "बरं," म्हणाले, आणि चहा मागितला. वाद घातला नाही, टोमणा मारला नाही. मला वाटतं तब्येत बरी नसावी.

रविवार, ९ फेब्रुवारी

जय हो! ऑइल वरच्या खुणेवर! तीनदा बघितलं. अगदी खुणेला टेकलेलं.

म्हणजे मागच्या रविवारी मीच चुकले. मेकॅनिक म्हणालाच होता, गाडी चढावर उभी नको आणि इंजिन गरम नको. त्या दिवशी पुढचं चाक त्या गटाराच्या झाकणावर होतं, आता आठवतंय. उगाच रडून डोळे सुजवले. म्हणजे मी ह्यांच्याशी खोटं बोललेच नाही, आधीच खरं बोलले होते!

वर येऊन पुन्हा ठणकावून सांगितलं. हे म्हणाले, "छान."

डॉक्टरांनी ह्यांना सकाळी चालायला सांगितलंय. कालपासून माझी आंघोळ चालू असतानाच काठी घेऊन खाली जातात. एकटेच. सहा महिने सांगून सांगून माझी जीभ झिजली तेव्हा हलले नाहीत, आता आपणहून निघाले. काठीबरोबर खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत काय? तर पाण्याची बाटली. पार्किंगपर्यंत जायला पाणी लागतं का, काय दुष्काळी दौरा आहे?

मंगळवार, २५ फेब्रुवारी

ह्यांच्या सदऱ्याच्या बाहीवर तेलाचा हा मोठा काळपट डाग. मालिशवाला आठवड्यातून तीनदा येतो, त्याचं ते घाणेरडं तेल. सांगितलं त्याला, जरा बेतानं घे. तो म्हणतो, "मी बाहीला हात पण लावत नाही, ताई." मग काय सदरा आपोआप तळला गेला? दोन वेळा साबण लावून घासला, डाग हटेना.

रविवार, २ मार्च

वरची खूण. वॉचमन म्हणाला, "काकू, सकाळी सुरू करता तेव्हा मागून निळा धूर येतो." म्हटलं, थंडीची वाफ असते ती. थंडी कुठाय, म्हणाला. ह्या लोकांना सकाळी काम काय असतं? वर मलाच सांगतो, साहेब रोज गाडीपाशी असतात म्हणून.

असणारच. मी कुठे ओरखडा पाडला का, टायरात हवा आहे का, ते तपासायला जात असणार. उंटावरून शेळ्या हाकता येत नाहीत म्हणून खाली उतरून हाकायच्या. जाऊ दे. सापडणार काहीच नाही.

गुरुवार, २० मार्च

पंक्चर काढताना मेकॅनिकनं पट्टी बघितली आणि चाट पडला. "ऑइल अजून इतकं स्वच्छ? दोन महिने झाले ना? आणि जरासुद्धा पीत नाही?"

"एक थेंब नाही."

"या वयाच्या गाडीत पातळ ऑइल? नशीबवान आहात."

नशीब कसलं, अक्कल म्हणा. मी तसं म्हटलंसुद्धा. त्याला म्हटलं, तुमचे काका आले की सांगा त्यांना.

रविवार, ३० मार्च

बहीण आणि तिचे यजमान जेवायला आले होते. मेहुण्यांनी गाडीचा विषय काढला, मग मी सोडते होय! सगळं सांगितलं. पुस्तक, दुकान, ह्यांचं भाकीत, महिन्यात पट्टी कोरडी पडेल वगैरे. "बघा," म्हटलं, "केसभर उतरलं नाही. आणि ह्या बाईला त्यातलं काय कळतं म्हणे!" मेहुणे पोट धरून हसले. म्हणाले, "साडूबुवा, आता तुम्ही पेन्शन घ्या."

हेही हसले. वाकड्या ओठानं, खाली ताटात बघत. डाव्या हातानं घास उचलत होते, तो सांडला.

मला त्या हसण्याचाच राग आला. भांडले असते तर बरं वाटलं असतं. हरलेल्या माणसानं निदान हरल्यासारखं वागावं. बहीण जाताना म्हणाली, "अगं, जरा जास्तच बोललीस." हिला काय जातंय? हिचा नवरा हिला विचारल्याशिवाय रुमाल घेत नाही.

शनिवार, १२ एप्रिल

हे पार्किंगमध्ये पडले. वॉचमननं धरून वर आणलं. गुडघा सोलवटलेला, हाताचे तळवे काळेकुट्ट. "गाडीला धरून उठलो," म्हणाले. मी खूप बोलले. म्हटलं, चालायचं तर बागेत चाला, त्या गाडीभोवती प्रदक्षिणा कशाला? तुमच्याशिवाय चालतेय ती, हेच पचत नाही ना?

जखम पुसताना म्हणाले, "काम आवडतं ना तुला?"

म्हटलं, "का, तेही सोडू?"

"नाही गं. असंच विचारलं."

संध्याकाळी वाटलं, जरा नीट बोलायला हवं होतं. मग वाटलं, माझ्याशी कोण नीट बोललं होतं?

रविवार, २० एप्रिल

वरची खूण.

गॅलरी झाडताना त्यांचा जाड ऑइलचा डबा उचलला, तर रिकामा. पार ठणठणीत. "काय केलंत?" म्हटलं. "टाकून दिलं," म्हणाले. चला. म्हणजे शेवटी हार कबूल, फक्त तोंडानं नाही, एवढंच. डबा भंगारवाल्याला दिला.

मंगळवार, ६ मे

फिजिओथेरपीवाली फार खूश आहे. हे म्हणे आता हमरस्त्यापर्यंत एकटे चालत जातात, लिफ्ट बंद असली तरी जिना उतरतात. "काका, तुमच्यात एवढी इच्छाशक्ती आली कुठून?" हे नुसते मान हलवतात.

ऑइलच्या दुकानावरून जात होते, तर दुकानदारानं हाक मारली, "काकू, काका आले होते काल." म्हटलं, कशाला? "बसतात घटकाभर," म्हणाला, आणि गिऱ्हाइकाकडे वळला. म्हणजे आता माझ्या चहाड्या दुकानापर्यंत पोचल्या. घरी विचारलं नाही. त्यांना तेवढंच पाहिजे असतं.

रविवार, १८ मे

वरची खूण. मॅडमनी आणखी दोन दवाखाने दिले. आता सात. आतापर्यंत एकही नमुना उशिरा नाही, एकही बाटली फुटली नाही.

मुलगा पुढच्या आठवड्यात येतोय. त्याच्या गावात कुणी मोठे डॉक्टर आहेत, हातासाठी. ह्यांना महिनाभर घेऊन जायचं म्हणतो. हे म्हणाले, "आत्ता नको." का, तर कारण नाही. "पुढच्या वर्षी बघू." हात काय पुढच्या वर्षीपर्यंत वाट बघणार आहे? म्हटलं, जा, माझीही महिनाभर सुटका होऊ दे. बोलून गेले खरी. त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

शुक्रवार, २३ मे

आज कळस झाला. सकाळी मी निघत होते, हे दारात आडवे.

"अगं, जाण्याआधी एक ऐक. ऑइल बदलून घे. थोडं जाड घाल. वीस-पन्नास नको तर मधलं घाल. पण हे नको."

माझा विश्वासच बसेना. चार महिने! चार महिने पट्टी तसूभर हलली नाही, आणि माणूस अजून तिथेच!

"तुम्हाला माझं चांगलं झालेलं बघवत नाही," म्हटलं.

"तसं नाही. मी तुला एक सांगू का..."

"नका सांगू. चाळीस वर्षं ऐकलं. आता नाही ऐकणार."

"एकच मिनिट."

"नाही म्हटलं ना!"

हात वर केला होता, तो खाली घेतला. "बरं," म्हणाले. मग मी बूट घालून वळले तर म्हणतात, "निदान दर दोन दिवसांनी पट्टी बघत जा." मला! जी दर रविवारी न चुकता बघते, तिला! मी दार आपटून निघाले. पहिल्याच दवाखान्यात नर्सनं विचारलं, काकू, बरं नाही का? म्हटलं, घरी एक खवट म्हातारा आहे, त्याचा वास लागलाय.

रविवार, २५ मे

गेले. मुलानं टॅक्सी आणली होती. हे पहाटेच उठून खाली जाऊन आले, शेवटची प्रदक्षिणा. हात धुवायला इतका वेळ लावला की मुलगा घड्याळ बघायला लागला. टॅक्सीत बसल्यावर काच खाली करून मला काहीतरी सांगणार होते, पण मुलगा म्हणाला, "बाबा, उशीर होतोय."

वरची खूण. जरा वरच चढलेली वाटली, खुणेच्याही वर. माझी नजर असेल.

घर शांत आहे. जेवण एकटीचंच केलं, भाजी उरली.

सोमवार, २ जून

रोज संध्याकाळी फोन. तब्येत विचारली तर "ठीक," जेवण विचारलं तर "ठीक," आणि मग लगेच, "पट्टी बघितलीस?"

पहिले दोन दिवस खरं उत्तर दिलं, की रविवारी बघेन. तर म्हणाले, "आज बघ." मग मी सरळ सांगायला लागले, "बघितली. वरच्या खुणेवर." "बरं," म्हणतात मग. काल रविवार, पण आयुष्यात पहिल्यांदा उन्हं अंगावर येईपर्यंत झोपले. पट्टी बघायची राहिली. बघायचं काय त्यात? फेब्रुवारीपासून तीच खूण. भिंतीवरचं घड्याळ कुणी रोज मोजतं का, बारा आकडे आहेत की नाही म्हणून?

सोमवार, ९ जून

फोनवर आज नवीनच. "मेकॅनिककडे एकदा टाक ना गाडी. माझ्यासाठी." ह्यांच्यासाठी! म्हटलं, "पट्टी वरच्या खुणेवर आहे. आत्ताच बघून आले." बघितली नव्हती. काल बहिणीकडे होते.

"खरंच बघितलीस?"

"म्हणजे मी खोटं बोलते?"

"नाही गं. तसं कुठं म्हटलं?"

मग सुनेनं फोन घेतला. म्हणते, बाबा रोज विचारतात, मला घरी कधी सोडता? डॉक्टरांनी अजून दोन आठवडे सांगितलेत. म्हटलं, दोनचे चार करा.

बुधवार, १८ जून

आज लिहावंसं वाटत नाही, तरी लिहिते.

सहावा दवाखाना करून निघाले आणि समोर लाल दिवा लागला, किटलीच्या आकाराचा. पुस्तकात लिहिलंय, हा लागला की लगेच गाडी थांबवा. पण साडेनऊ होऊन गेले होते, मागे पेटीत सहा दवाखान्यांचे नमुने आणि सातवा दवाखाना अजून बाकी. थांबले असते तर सगळे वाया. म्हटलं, पातळ ऑइल आहे, पूर्ण भरलेलं आहे, दिवाच बिघडला असेल. पुढे नेली. मग पत्र्याच्या डब्यात चमचे हलवावेत तसा आवाज. आणि पुलाच्या चढावर एकदम बंद. मेली. मागून सगळे भोंगे.

एका टेंपोवाल्यानं पेटीसकट मला लॅबमध्ये पोचवलं. तोवर अकरा वाजून गेलेले, बर्फाचं पाणी झालेलं. अर्धे नमुने फेकले. त्यातला एक पाच दिवसांच्या बाळाचा होता. त्याला पुन्हा टोचावं लागणार, त्याची आई पुन्हा रडणार. मॅडम ओरडल्या नाहीत. "काकू," म्हणाल्या, "तुम्ही खूप केलंत. आता विश्रांती घ्या. आम्ही व्हॅनवाला बघतो."

मी गाडी दुरुस्त करून घेते म्हटलं, दोन दिवस द्या म्हटलं, हात जोडायचेच बाकी होते. त्या दुसऱ्या फोनवर बोलायला लागल्या.

शुक्रवार, २० जून

मेकॅनिकनं इंजिन उघडलं. जाम. आत ऑइल नावाला नाही.

"गळलं कुठून?" म्हटलं.

"गळती नाहीच, काकू. ऑइल काढायचा खालचा नट घट्ट आहे, सगळं कोरडं आहे. जळून गेलं. हे इंजिन ऑइल पितंय, आजचं नाही, कधीपासूनचं."

"चार महिने एक थेंब कमी झाला नाही! तुम्ही स्वतः बघितलंत!"

"तेच मला कळत नाही. कुणी वरून घालत असेल तरच."

कोण घालणार वरून? वॉचमन? गाडीतलं कळणारा घरात एकच माणूस, आणि तो तर पहिल्या दिवसापासून माझी फजिती व्हायची वाट बघत बसलेला. मेकॅनिकला म्हटलं, तुम्हाला कळत नाही तर कळत नाही म्हणा, गोष्टी रचू नका.

इंजिन नवीन घालायचं तर गाडीच्या किमतीपेक्षा जास्त. भंगारात द्या म्हणाला.

शनिवार, २१ जून

सापडला चोर.

वॉचमनला विचारलं, माझ्या मागे गाडीला कुणी हात लावला का? तर म्हणाला, "नाही, काकू. साहेब गेले त्याच दिवशी शेवटचं. पहाटे बॉनेट उघडून बराच वेळ काहीतरी करत होते. हात बघा असे काळे."

मग सगळं एकेक जुळत गेलं. हे होते तोवर ऑइल हललं नाही. हे गेले आणि ऑइल गेलं. जायला नको म्हणत होते, ते कशासाठी? गेल्यावर रोज पट्टी, पट्टी, पट्टी, ते कशासाठी? केलेलं कधी उघडकीला येतंय ते बघायला. चोराच्या मनात चांदणं! जाड घाल म्हणून शेवटचं सांगून पाहिलं, ऐकलं नाही, तर काढूनच टाकलं. म्हणजे मग पुन्हा, "तुला त्यातलं काय कळतं?"

फोन केला. मुलाला म्हटलं, बाबांना दे आणि तू बाजूला हो.

"त्या दिवशी पहाटे बॉनेट उघडून काय केलंत?"

पलीकडून नातीचा खेळण्यातला पियानो ऐकू येत होता.

"गाडी बंद पडली. इंजिन जाम झालं. आत ऑइल नाही. आता तरी बोला!"

"तुला लागलं का?" म्हणाले. "कुठं धडकलीस का?"

"विषय बदलू नका."

"काम?"

"गेलं. माझं काम गेलं. झालं समाधान? मेकॅनिक म्हणतो ऑइल जळलं, माझं ऑइलच चुकीचं होतं. सांगा, चुकीचं होतं?"

श्वास तेवढा ऐकू येत होता, झटका आल्यापासून जोरानं येतो तो.

"तुला काय वाटतं?" म्हणाले.

"मला वाटतं तुम्ही ते काढून टाकलंत."

"हं."

"हं म्हणजे काय? हो की नाही?"

"हो," म्हणाले. "मीच काढलं."

"का?"

"असंच."

"आणि माझं ऑइल?"

"तुझं ऑइल चांगलं होतं. तू बरोबर निवडलं होतंस."

मी फोन ठेवला. जमिनीवर बसून हमसून हमसून रडले, पण हे रडणं वेगळं होतं, मोकळं झाल्याचं.

रविवार, २९ जून

गाडी परवा नेली. पार्किंगमध्ये ऑइलचे जुने डाग होते, ते वॉचमननं धुऊन काढले.

मुलगा रोज फोन करतो. बाबांनी सोमवारपासून बॅग भरून ठेवलीय म्हणे, पलंगावर तिच्याशेजारी बसून असतात, धड जेवत नाहीत. "आई, झालं गेलं विसर. त्यांना आणून सोडू का?" म्हटलं, नको. तिथेच राहू दे. ज्यानं माझ्या पोटावर पाय दिला त्याला मी जेवू घालू? मीही येणार नाही तुमच्याकडे. या घरात एकटी राहीन, कशी राहीन ते माझं मी बघेन.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. तो नट गाडीच्या खाली असतो. तिथे आडवं होऊन शिरावं लागतं. ह्यांना वाकता येत नाही, मोजेसुद्धा मी घालायची. एका हातानं, खाली शिरून, नट सोडवून, सगळं ऑइल काढून, पुन्हा घट्ट कसा केला असेल? आणि काढलेलं ऑइल गेलं कुठे? आणि त्या दिवशी पट्टी मी त्यांच्यानंतर बघितली होती की आधी? वरच्या खुणेच्याही वर होतं, असं इथेच लिहून ठेवलंय मी.

पण माणूस स्वतःच्या तोंडानं हो म्हणतोय. कबूल केलेल्याची वकिली मी कशाला करू?

सकाळी शेजारीण आली होती. साळसूदपणे विचारते, पातळ ऑइलनं इंजिन गेलं म्हणे? मी तिला दारातच सांगितलं, ऑइल चांगलं होतं, मी बरोबर निवडलं होतं. विश्वास नसेल तर आमच्या ह्यांना फोन करून विचार.